जमिनीवरची पंगत

१९२७ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडहून काही तरुण भारतात आले. त्यांच्यातला एक पंचविशीचा होता. बिशपचा मुलगा, ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातून इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र अशा दोन्ही विषयांत पहिल्या वर्गात आलेला, चोविसाव्या वर्षीच एका पाद्री-प्रशिक्षण संस्थेचा उपप्राचार्य झालेला. मायदेशी राहता तर पुढेमागे बिशपचे आसन त्याच्यापर्यंत चालत आले असते. इथे त्याला वेगळेच धडे गिरवायचे होते : मांडी घालून बसायचे, हाताने जेवायचे, चटईवर झोपायचे आणि अंगावर खादी घालायची. या तरुणाचे नाव व्हेरियर एल्विन. तो ज्या मंडळीत दाखल होत होता, तिचे नाव होते ख्रिस्त सेवा संघ.

एल्विन पुढे आदिवासींचा अभ्यासक म्हणून जगभर गाजला. संघाची गोष्ट मात्र त्याच्या येण्याआधी पाच वर्षे सुरू झाली होती, आणि तिची मुळे त्याच्याही मागे, एका मराठी कवीच्या घरात सापडतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तेव्हाच्या मिशनरी जगात ती पचणे कठीणच. त्यांच्या पत्नीचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना टिळकांचा हात किती सैल होता आणि त्यांचे बेत किती मोठे असत, हे वेगळे सांगायला नको. दरबार नीट उभा राहण्याआधीच, मे १९१९ मध्ये ते गेले.

टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिणारा जॅक विन्स्लो हाच ख्रिस्त सेवा संघाचा संस्थापक, हा निव्वळ योगायोग नव्हे. ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा अँग्लिकन मिशनरी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला काम करत होता. नगर हे मराठी ख्रिस्ती समाजाचे जुने ठाणे. तिथल्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच येशूचे चरित्र कीर्तनात रंगवून दाखवले होते. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाला टाळ-चिपळ्या परक्या नव्हत्या. परका होता तो बंगला. साहेब व्हरांड्यात खुर्चीवर, देशी प्रचारक समोर उभा, आणि दोघेही एकाच प्रभूचे सेवक! जालियनवाला बागेनंतर आणि असहकाराच्या वाऱ्यात हे चित्र विन्स्लोला अधिकाधिक बोचू लागले.

११ जून १९२२ रोजी, संत बर्णबाच्या सणाच्या दिवशी, विन्स्लो आणि त्याचे मोजके भारतीय सहकारी यांनी संघ स्थापन केला. तिथीची निवड पाहण्यासारखी आहे. मराठी बायबलात बर्णबाच्या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे, आणि आपले शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा म्हणून त्याची पहिली ओळख होते. संघालाही तेच करायचे होते. मिळकत सामाईक, घर सामाईक, पंगत सामाईक. संघप्रमुखाला ‘आचार्य’ म्हणत.

या मंडळींचा दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि प्रार्थनेनेच संपे. मधल्या वेळात उपासना, मौन, अभ्यास आणि अंगमेहनत. हिवाळा-उन्हाळ्यात गावोगाव हिंडायचे, पावसाळ्यात एके ठिकाणी थांबून वाचन-चिंतन करायचे. चातुर्मासात मुक्काम करणाऱ्या यतींची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. नवे एवढेच, की इथे यतींमध्ये केंब्रिजचे पदवीधरही होते. त्यांच्या बोलण्यात आसिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव वारंवार येई. श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा हा मुलगा सारे सोडून दारिद्र्याशी लग्न लावून मोकळा झाला होता. तुकोबांच्या मुलखात तो समजावून सांगायला फार शब्द लागत नसावेत.

आज वाचताना हे साधेसोपे वाटते. पण एका ताटाच्या रांगेचा अर्थ तेव्हा काय होता, हे पुण्याला ठाऊक होते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्यावरून शहरात केवढे रण माजले! ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचा वाद झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. त्याच शहरात पस्तीस-चाळीस वर्षांनंतर संघाच्या आश्रमात गोरे आणि काळे, राज्यकर्त्यांच्या जातीचे आणि प्रजेचे, शेजारी शेजारी जमिनीवर बसून हाताने जेवत होते. हिंदू कर्मठांना यात विटाळ दिसे. क्लबात बसणाऱ्या गोऱ्या साहेबांना दिसे ती इभ्रतीची नासाडी. दोन्हीकडचा राग पानात काय वाढले आहे यावर नव्हता. तो पानाशेजारी कोण बसले आहे यावर होता.

उपासनेची भाषाही संघाने बदलायला घेतली. स्थापनेच्या आधी, १९२० मध्येच विन्स्लो, डी. आर. आठवले आणि आणखी दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिले होते. इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाचे नुसते भाषांतर हिंदी मनाला पुरणार नाही, पूर्वेकडच्या सिरियन परंपरेच्या आधाराने भारतीय चर्चचा स्वतःचा प्रभुभोजनविधी घडवावा, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईचे बिशप एडविन पामर यांनी त्याला प्रस्तावना दिली आणि पुढे मुंबई धर्मप्रांतात हा विधी वापरायला परवानगी मिळाली. एक मराठी माणूस आणि त्याचे इंग्रज सोबती मिळून प्रार्थनेचा क्रम लावत आहेत, हे दृश्य संघाच्या गोष्टीतले मला सर्वांत मोलाचे वाटते. भाषणात समानता आणणे सोपे असते. वेदीपुढे कोणता शब्द कोण म्हणणार, हे समोरासमोर बसून ठरवणे त्याहून अवघड.

१९२७ ची इंग्लंडहून आलेली तुकडी संघाला नवे बळ देऊन गेली. तिच्यात एल्विन होता, तसाच अल्जी रॉबर्टसनही. विलायतेतल्या विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीत काम केलेला हा माणूस तरुणांना जमवण्यात वाकबगार होता. याच सुमारास पुण्यात शिवाजीनगरला, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याच्या बाजूला, संघाचा आश्रम उभा राहिला. संघाच्या भारतीय मंडळींत एक मराठी ख्रिस्ती तरुण होता, शामराव हिवाळे. एल्विनची त्याच्याशी जी दोस्ती जमली, ती जन्मभर टिकली.

आणि मग राजकारण दारात येऊन उभे राहिले. खरे तर ते खादीबरोबर आधीच घरात शिरले होते. जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीला आंतरराष्ट्रीय बंधुत्व परिषद भरली. एल्विन तिथे गेला आणि गांधींनी भारावून परतला. विन्स्लोने त्याला ख्रिस्ती ध्यानधारणेच्या वाटेने नेण्याचे मनसुबे रचले असतील, पण हा पठ्ठ्या १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात येशूची शिकवण शोधू लागला. त्याच वर्षी त्याची ख्रिस्त आणि सत्याग्रह या विषयावरची पुस्तिका आली. पुढच्या वर्षी विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून हिंदी स्वातंत्र्याची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मोठ्या माणसाची प्रस्तावना असली म्हणून सरकारचा संशय काही कमी होत नाही. खादी घातलेला गोरा पाद्री हे त्या काळच्या पोलिसांना न सुटणारे कोडे होते.

४ जानेवारी १९३२ ची पहाट. मुंबईच्या मणिभवनात गांधींना अटक करायला पोलीस आले, तेव्हा एल्विन आणि शामराव त्याच घरात मुक्कामाला होते. त्याच महिन्याच्या अखेरीस दोघे मध्य प्रांतात मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. काँग्रेसमधल्या नेत्यांनी त्यांचे लक्ष गोंडांकडे वेधले होते. नागपूरच्या बिशपाने एल्विनला पाद्री म्हणून काम करायचा परवाना नाकारला, आणि काही वर्षांत त्याने चर्चही सोडले. संघाने घडवलेला सर्वांत नामांकित तरुण संघाच्या चौकटीत मावला नाही. पण जमिनीवर बसणे, लोकांच्या पानात जेवणे, त्यांची भाषा शिकणे हे धडे तो पुण्यातूनच बरोबर घेऊन गेला होता.

इकडे आश्रमातही कुरबुरी होत्या. रॉबर्टसन प्रकृतीपायी १९३० मध्ये परतला. इंग्लंडात एका छोट्या शहराचा धर्मगुरू झाला आणि त्याने जमवलेली मंडळी पुढे फ्रान्सिसच्या नावाने चालणाऱ्या अँग्लिकन बंधुसंघात मिसळून गेली. म्हणजे नगर-पुण्यात पेटवलेल्या चुलीवर इंग्लंडातही भात शिजला. भारतात राहिलेल्यांचा वाद वेगळाच होता. काहींना फ्रान्सिसच्या वाटेने ब्रह्मचर्य आणि दारिद्र्याची पक्की व्रते हवी होती. काहींना संसारी, अविवाहित, हिंदी, इंग्रज सगळ्यांना सामावणारे सैलसर घर हवे होते. एकत्र नांदणाऱ्या कुठल्याही घरात ही फाटाफूट होते, आणि दोन्ही बाजू खऱ्याच असतात. १९३४ मध्ये दोन वाटा झाल्या. व्रतस्थ बंधूंचा ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ पुण्याच्या आश्रमात राहिला. विन्स्लो इंग्लंडला परतला. पुण्यातला एक बंधू, विल्यम लॅश, १९४७ मध्ये मुंबईचा बिशप झाला.

बंधूंची संख्या घटत गेली आणि त्या खोल्या ओस पडू लागल्या. १९७२ च्या सुमारास मात्र तिथे पुन्हा वर्दळ सुरू झाली, आणि या वेळी येणाऱ्या बायका होत्या. अँग्लिकन सिस्टर्स आणि कॅथलिक सेक्रेड हार्ट संघाच्या सिस्टर्स अशा दोन वेगळ्या पंथांच्या साध्वी एकाच छपराखाली राहायला लागल्या. त्यांच्यातल्या सारा ग्रांट या स्कॉटिश साध्वीने मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले होते आणि त्या शांकर अद्वैताच्या जाणकार होत्या. त्यांच्यातल्याच वंदना माताजी मुंबईच्या एका पारशी घरातल्या. आश्रमाचे नाव ‘ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम’ असेच राहिले. तरुण पुरुषांच्या बंधुसंघासाठी बांधलेल्या त्या घरात आता बायबलशेजारी उपनिषदे वाचली जात होती, आणि बसायला पूर्वीसारखीच जमीन होती.