अस्थिकलश

दहनानंतर उरलेल्या अस्थी व रक्षा विसर्जनापर्यंत किंवा कायमच्या ठेवण्याचे झाकणाचे पात्र. महाराष्ट्रात बहुधा मातीचे लहान मडके किंवा तांब्याचा कलश वापरतात आणि तोंडाला पांढरे वा तांबडे कापड बांधतात. चितेभोवती पाण्याची धार धरत फिरवून फोडतात, ते मडके वेगळे.

कलशाची परंपरा जुनी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात पुरुषासाठी कुंभ व स्त्रीसाठी कुंभी सांगितली आहे. अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत एकेक अस्थी आवाज न होऊ देता उचलावी, सुरुवात पायांकडून करावी, डोके शेवटी घ्यावे, अशी तिथली रीत. हा कलश पुढे खड्ड्यात पुरला जाई. सध्याच्या नदी-विसर्जनापेक्षा ही पद्धत निराळी होती. बौद्ध परंपरेत धातुकरंडक, म्हणजे पवित्र अवशेषांचे डबे, स्तूपाच्या पोटात ठेवत. नालासोपाऱ्याच्या स्तूपात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडक सापडले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याची खापरे होती; ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली गेली.

कलश निवडताना अस्थी कुठे जाणार, कशाने जाणार आणि वाटेत किती काळ राहणार, हे आधी ठरवावे. नक्षी आणि किंमत त्यानंतर. दुःखाच्या घाईत नेमके उलटे होते. सावडायला गेल्यावर लाकडाच्या चितेतून बोटाच्या पेरापेक्षा मोठे तुकडे, दात, कवटीच्या कपच्या हाती येतात. दूध-पाणी शिंपडून त्या निववतात. अरुंद गळ्याच्या तांब्यात त्या जात नाहीत, आणि आपल्या माणसाच्या अस्थी कोंबाव्या लागणे फार जिव्हारी लागते. म्हणून पूर्ण पंजा आत जाईल एवढे तोंड हवे. विद्युतदाहिनीतून रक्षा त्याच दिवशी मिळते, पण वरून निवलेली राख आत धगधगती असू शकते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये. अनेक घरांत विसर्जनापूर्वी अस्थी घरात नेत नाहीत. त्या स्मशानातल्या कपाटात ठेवतात किंवा झाडाला टांगतात. तिथे एकसारखी मडकी शेजारी शेजारी असतात, तेव्हा नाव कापडावरच ठळक लिहावे.

नाशिकचे रामकुंड, पंढरपूरची चंद्रभागा, आळंदीची इंद्रायणी अशा जवळच्या ठिकाणी जायचे असेल तर मातीचे मडके सर्वांत योग्य. प्रयाग किंवा हरिद्वारपर्यंत रेल्वेने जायचे तर मडके तडकण्याची भीती असते. घट्ट झाकणाचा तांब्याचा कलश बरा. अस्थी सोडल्यावर तो पाण्यात टाकू नये. नदीला धातू आणि प्लॅस्टिक देण्यात कसलेही पुण्य नाही. रक्षा स्वतःच्या शेतात मिसळून त्यावर झाड लावणारी कुटुंबेही आता बरीच आहेत. त्यांना साधे मडके पुरते.

कायम ठेवायच्या अस्थींसाठी मात्र टिकाऊ पात्र लागते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जतन केल्या आहेत. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा 1930 साली जिनिव्हात वारले. स्वतंत्र भारतात अस्थी जाव्यात ही त्यांची इच्छा होती. त्यांचे व पत्नी भानुमतींचे कलश 2003 मध्ये मायदेशी आले. गांधीजींच्या अस्थी 1948 मध्ये अनेक कलशांतून देशभर वाटल्या गेल्या. त्यांतला एक कटकच्या बँकेतून निघाला आणि 1997 मध्ये प्रयागला विसर्जित झाला, तर आणखी एक 2008 मध्ये गिरगाव चौपाटीजवळच्या समुद्रात.

परदेशातल्या मराठी कुटुंबांपुढचा हिशेब वेगळा. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये अस्थी यंत्रात दळून सगळी भुकटी देतात. प्रौढ माणसाची साधारण 2 ते 3 किलो भरते. मृताच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 36 मिलिलिटर जागा धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसासाठी सव्वादोन लिटरच्या आसपास. विमानाने आणायच्या अस्थी लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवाव्यात. धातूच्या पात्रातले तपासणीच्या क्ष-किरणांत दिसत नाही आणि ते हातातून नेऊ दिले जाईलच असे नाही. मृत्यूचा व दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचे ना-हरकत पत्र सोबत असावे. भावंडे दोन देशांत असतील तर अस्थी वाटून घेण्यालाही हरकत नसावी. तेव्हा एका मोठ्या कलशाऐवजी सुरुवातीलाच दोन लहान घ्यावेत.