सह्याद्रीपलीकडचे जिनालय : खारेपाटण आणि सिंधुदुर्ग

वळसंगसारख्या काळ्या मातीच्या गावी राहणाऱ्या आपणा श्रावकांस समुद्र म्हटला की सहलच आठवते. तथापि दक्षिण कोकणाशी आपल्या समाजाचा संबंध फार जुना आहे, आणि त्याचा धागा आपल्या शेजारच्याच तेर गावी सापडतो. तेर म्हणजे प्राचीन तगर. येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. उत्तर कोकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी पुढे आपल्या ताम्रपटांत व शिलालेखांत 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरविले. किनाऱ्यावर राज्य करतानाही त्यांना आपले मूळ पठारावरचे वाटत होते.

या घराण्याची तिसरी शाखा दक्षिण कोकणात नांदली. तिचा मूळ पुरुष सणफुल्ल. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने त्यास सह्याद्री व समुद्र यांमधील प्रदेश मिळाला, असे रट्टराजाचा शके ९३० (इ. स. १००८) चा खारेपाटण ताम्रपट सांगतो. हा ताम्रपट प्रथम प्रकाशात आणणारे बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण घ्यावा, अशी नोंद त्यात आहे. त्यावरून त्या काळच्या व्यापाराची कल्पना यावी. त्या शाखेची राजधानी बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असे अभ्यासक मानतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा ताम्रपट पुष्कळदा जैन दानपत्र म्हणून सांगितला जातो, ते खरे नव्हे. ते दान शिवमंदिराचे आहे. आपल्या परंपरेस उसन्या पुराव्याची गरजही नाही. कोल्हापूरच्या गंडरादित्याच्या लेखांत त्याच्या राज्यात कोकणाचाही उल्लेख येतो. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली व माघनंदी सिद्धांतदेव तेथील आचार्य होते. विजयादित्याच्या काळी, इ. स. ११४३ मध्ये, माघनंदींच्या शिष्याने बांधलेल्या पार्श्वनाथ बसदीस दान मिळाल्याचा शिलालेख कोल्हापुरात आहे. घाटमाथ्यावरील या धर्मप्रभावाचे घाटाखाली उरलेले चिन्ह म्हणजे खारेपाटणचे जिनालय होय. एकोणिसाव्या शतकातील रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये दक्षिण कोकणात शिल्लक राहिलेले एकमेव जैन मंदिर म्हणून त्याची नोंद असून, तेथील लहानशी कृष्णवर्णी मूर्ती नदीच्या पात्रात सापडल्याचे म्हटले आहे. ती पाण्यात कोणी व कोणत्या भयाने ठेवली असेल, हा विचार दर्शन घेताना मनात आल्यावाचून राहत नाही.

खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि व्यापारी पेठ ओसरली. बंदराचे वैभव खाडीच्या मुखावरील विजयदुर्गाकडे गेले. इ. स. १७५६ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला जिंकला व आंग्र्यांचे आरमार तेथे जळाले. छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू केली. त्या दुर्गाचे नाव घेऊन १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून नवा जिल्हा झाला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यास सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. मालवण, वेंगुर्ले, देवगड ही नावे आता सर्वतोमुखी आहेत. खारेपाटणाजवळून मात्र पर्यटकांच्या गाड्या न थांबता निघून जातात.

यात्रेकरूंनी कोल्हापूरमार्गे गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी व तळेरे असे उतरावे. तळेऱ्याहून उत्तरेस महामार्गावरच खारेपाटण लागते. प्रथम दर्शन, मग विजयदुर्ग, असा क्रम ठेवावा. किनाऱ्यावरील खानावळी बहुतांशी मत्स्याहारी असल्याने सूर्यास्तापूर्वीच्या शुद्ध भोजनाची सोय आधीच करून निघावे. पावसाळ्यात सिंधुदुर्गास जाणाऱ्या होड्या बंद असतात. खारेपाटणचे दर्शन मात्र चातुर्मासातही घडू शकते.