चाके हलण्यापूर्वी

सेसना 172 च्या इंधनटाकीचे झाकण पंखाच्या वरच्या बाजूला असते. पंख डोक्यापेक्षा उंच, त्यामुळे जमिनीवर उभे राहून ते दिसत नाही. वैमानिक शिडीवर चढतो, झाकण उघडतो, मापपट्टी बुडवून इंधन किती आहे ते पाहतो. नेमका त्याच वेळी इंधनगाडीचा चालक पावतीवर सही मागतो, किंवा लहान विमानात पहिल्यांदाच बसणारा पाहुणा विचारतो, बॅग कुठे ठेवू? वैमानिक खाली उतरतो, उत्तर देतो आणि पुढचे काम हाती घेतो, इंजिनातले तेल पाहण्याचे. झाकण लावायचे राहते. विमान उडाले की पंखावरचा हवेचा दाब कमी होतो आणि उघड्या तोंडातून इंधन बाहेर ओढले जाते.

या चुकीत अज्ञान नाही, आणि बहुतेक वेळा बेफिकिरीही नाही. झाकणाचे महत्त्व वैमानिकाला ठाऊक होते, त्याने ते तपासायलाही घेतले होते. म्हणून ‘अधिक काळजी घ्या’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. हातातले काम तुटते तेव्हा मनात काय घडते, हे समजून घेणारे एक अभ्यासक्षेत्र आहे. त्याच्या दाराशी मराठी वाचकाचे स्वागत करावे, एवढ्यासाठी ही पाने.

झालेले आठवणे वेगळे आणि करायचे ते योग्य क्षणी आठवणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतीवर गिल्स आइन्स्टाइन आणि मार्क मॅक्डॅनियल यांनी 1990 मध्ये केलेल्या प्रयोगांनी पुढच्या संशोधनाला वाट करून दिली. ही स्मृती बरीचशी समोरच्या खुणेवर चालते. मापपट्टी हातात आहे तोवर झाकण आठवते. पट्टी ठेवली, वैमानिक इंजिनापाशी आला, की इंजिन तेलाची आठवण करून देते. झाकणाची आठवण देणारे तिथे काही उरत नाही. त्यात सवयीची भर पडते. आमटीत मीठ घातले की नाही, हा प्रश्न रोज स्वयंपाक करणाऱ्याला हमखास पडतो, कारण कालचे आणि आजचे मीठ आठवणीत एक झालेले असते. शेकडो वेळा झाकण लावलेल्या वैमानिकाला आजचेही लावल्यासारखेच वाटते. अनुभव अनेक संकटांतून वाचवतो. या चुकीपासून मात्र तो फारसे संरक्षण देत नाही, उलट कधीकधी तिला पोसतो.

आठवणीवर विसंबू नये म्हणून चेकलिस्ट आली, आणि तिचा इतिहास सांगताना एका अपघाताचा उल्लेख नेहमी होतो. 30 ऑक्टोबर 1935 रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल 299 हे चार इंजिनांचे नवे बाँबर विमान उडाले, नाक उंचावत वर गेले आणि कोसळले. उभ्या विमानाची सुकाणी वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावतात तो लॉक काढायचा राहिला होता. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर, दोघेही मुरलेले, त्यात गेले. लष्करी वैमानिकांच्या हाती छापील यादी आली ती यानंतर. तरीही 31 मे 2014 रोजी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड इथे एक गल्फस्ट्रीम विमान लॉक न काढताच धावपट्टीवर धावले आणि सात जणांचा मृत्यू झाला. विमानातील नोंदींवरून दिसले, की आधीच्या 175 उड्डाणांपैकी 98 टक्के वेळा सुकाण्यांची पूर्ण तपासणी झालीच नव्हती. यादी होती, वापर नव्हता. असफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी नासासाठी 1990 मध्ये केलेला अभ्यास याच अंतराचा आहे: कागदावरची यादी आणि प्रत्यक्ष कॉकपिटमधली तिची वागणूक. नजर यादीवरून फिरते आणि जे दिसायला हवे तेच पाहिल्यासारखे वाटते, हे त्यांचे निरीक्षण लहान विमानालाही तंतोतंत लागू पडते.

सेसनाच्या कंट्रोल लॉककडे मी अभ्यासकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. लॉक नीट बसवला की त्याची पट्टी इग्निशनच्या स्विचवर येते. तो काढल्याशिवाय चावी लावता येत नाही. म्हणजे ज्याने हे रचले त्याने वैमानिकाच्या आठवणीवर भार टाकलाच नाही. मूळ लॉक हरवतो आणि त्याच्या जागी एखादा बोल्ट किंवा खिळा अडकवला जातो, तेव्हा सुकाणू पूर्वीसारखेच अडते, पण ही राखण नाहीशी होते. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा विचार इथे आहे: चुकणाऱ्या माणसाला रागावण्यापेक्षा चूक अडेल अशी वस्तू आणि अशी रीत घडवावी. झाकण बसेपर्यंत मापपट्टी हातातून न सोडणे, नाकाच्या चाकाला टो-बार, म्हणजे विमान ओढण्याचा दांडा, लावलेला असेल तोवर त्यावरचा हात न काढणे, तपासणी तुटली तर काही पावले मागे जाऊन पुन्हा सुरू करणे आणि आत बसण्याआधी विमानाभोवती एक शेवटची फेरी घेणे, या सगळ्या रीती त्याच विचाराच्या.

मोठ्या विमानांना नियमाचेही पाठबळ आहे. 1974 मध्ये शार्लटजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरताना कोसळले. त्या वेळी कॉकपिटमध्ये अवांतर गप्पा चालल्या होत्या. त्यानंतर 1981 मध्ये अमेरिकेत विमान कंपन्यांसाठी नियम आला: टॅक्सी, उड्डाण, उतरणे आणि एरवीही दहा हजार फुटांखालच्या उड्डाणात कामाबाहेरचे बोलणे बंद. पण खासगी लहान विमानाला तो लागू नाही, आणि उभ्या विमानाभोवतीच्या तपासणीपर्यंत तर तो पोचतच नाही. इंजिन बंद, लोक जवळ, वातावरण मोकळे. कोणीही हाक मारावी असा हा वेळ. शिवाय लहान विमानात उलट विचारणारा सहवैमानिक बहुधा नसतो.

पुरावाही मोठ्या विमानांचाच अधिक आहे, कारण कॉकपिटमधले संभाषण टिपणारी यंत्रे तिथे असतात. ही उणीव काही अंशी भरून निघते ती वैमानिकांनी स्वतःहून पाठवलेल्या गोपनीय अहवालांनी. नासा ते 1976 पासून जमा करते. संशोधक की डिस्म्युक्स आणि सहकाऱ्यांनी असे 107 अहवाल तपासून 1998 मध्ये मांडणी केली. मात्र हे अहवालही विमान कंपन्यांच्या वैमानिकांचे होते. लक्ष वेधणाऱ्या बहुतेक कामांचे चार गट पडले, आणि त्यांतला सर्वांत मोठा होता बोलण्याचा.

आपल्याकडे धुळे, बारामती, गोंदिया, नागपूर इथे तरुण मुले-मुली उड्डाण शिकतात, आणि त्यांच्यासाठी बोलण्याचा हा प्रश्न फार जवळचा आहे. विमानाभोवती फिरताना प्रशिक्षक विचारतो, ही पिटो ट्यूब कशासाठी, तेल किमान किती हवे? शिकवण्याची याहून चांगली जागा नाही, आणि काम तुटण्याचीही. अमेरिकेतील परवाना परीक्षेत परीक्षकाने मुद्दाम लक्ष विचलित करून पाहावे, अशी सूचनाच असे. मग प्रशिक्षकाने विद्यार्थ्याची फेरी पूर्ण होईपर्यंत गप्प राहावे, की मध्येच बोलून तुटलेला धागा पुन्हा पकडायला शिकवावे? मला वाटते, आधी पहिले, आणि हात बसल्यावर दुसरे, तेही विद्यार्थ्याला सांगून. यावर जाणत्या प्रशिक्षकांचे एकमत नाही. ज्यांना या विषयात काम करायचे आहे त्यांनी सुरुवात या वादापासून करावी. हँगरबाहेर कोणत्याही सकाळी थोडे अंतर राखून उभे राहिले, तरी निरीक्षणाला पुरेसे साहित्य मिळते.