सेंद्रिय नायट्रेटे, ग्रामीण हवेतील

हवेतील हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीभवन नायट्रोजन ऑक्साइडांच्या सान्निध्यात होताना तयार होणारी संयुगे. दिवसा हायड्रॉक्सिल मूलकामुळे हायड्रोकार्बनापासून परॉक्सी मूलक बनतो. त्याची नायट्रिक ऑक्साइडशी विक्रिया झाली की बहुतेक वेळा नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो व सूर्यप्रकाशात त्यापासून ओझोन निर्माण होतो. थोड्या वेळा मात्र दोघे जुळून अल्किल नायट्रेट बनते. रात्री नायट्रेट मूलक आयसोप्रीन व टर्पिनांशी थेट संयोग पावतो. शहरांकडून येणारी नायट्रोजन ऑक्साइडे आणि वनस्पतींनी सोडलेले हे वायू ग्रामीण हवेत एकत्र येतात. म्हणून तेथील नायट्रोजनाचा हिशेब या गटाला वगळून पुरा होत नाही.

याचा पुरावा मापनातच आहे. 1980 च्या दशकात ग्रामीण केंद्रांवर नायट्रोजन ऑक्साइडे, नायट्रिक अम्ल व परॉक्सीॲसिटिल नायट्रेट यांची बेरीज एकूण क्रियाशील नायट्रोजनापेक्षा अनेकदा कमी भरे. गॅस क्रोमॅटोग्राफीने एकेक नायट्रेट ओळखता येते, पण चिकट व अनेक क्रियागटांची नायट्रेटे नळीतच अडकतात. बर्कली येथील रोनाल्ड कोहेन यांच्या गटाने 2002 मध्ये मांडलेल्या पद्धतीत हवा तप्त क्वार्ट्झ नळ्यांतून नेतात. सुमारे 200° से.ला परॉक्सी नायट्रेटे व 400° से.च्या आसपास अल्किल नायट्रेटे फुटतात. सुटलेला नायट्रोजन डायऑक्साइड लेसरने मोजून नळ्यांमधील फरकावरून प्रत्येक गटाची बेरीज मिळते. सॅक्रामेंटोच्या वाऱ्याखाली असलेल्या सिएरा नेवाडातील ब्लॉजेट वनात अल्किल नायट्रेटांचा वाटा क्रियाशील नायट्रोजनाच्या 10 ते 20 टक्के आढळला.

असा आक्षेप घेतात, की आयसोप्रीनपासूनही नायट्रेट होण्याचे प्रमाण जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास असल्याने हा मार्ग गौण आहे. परंतु अशी प्रत्येक विक्रिया मूलक व नायट्रोजन ऑक्साइड दोन्ही एकदम खर्ची घालून ओझोनची साखळी तोडते. शिवाय नायट्रोजन ऑक्साइडे घटली की नायट्रिक अम्लाचा मार्ग मंदावतो आणि नायट्रेटांचा सापेक्ष वाटा वाढतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गटाच्या बेरजेतून घटकांची ओळख हरवते आणि तप्त नळीतील दुय्यम विक्रियांसाठी दुरुस्ती करावी लागते. ही ओळख महत्त्वाचीच आहे, कारण काही नायट्रेटे दूरवर जाऊन नायट्रोजन डायऑक्साइड परत सोडतात, तर काही वायुकलिलाच्या कणांत शिरून जलीय विच्छेदनाने नायट्रिक अम्ल देतात व तो नायट्रोजन जमिनीवर उतरतो. मात्र कोणता घटक सुटला हे बेरजेशी ताडल्यावरच कळते. म्हणून दोन्ही मापने एकाच ठिकाणी, एकाच वेळी व्हावीत; त्यांवाचून ग्रामीण ओझोनविषयीचे अंदाज अपुऱ्या आधारावर उभे राहतात.