गोळी आणि उंचीची पट्टी

१९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. त्यांपैकी १४ मुलांचं वागणं आणि अभ्यास बघता बघता सुधारला. या औषधानं भूक मरते, हे पुढे सर्वांना कळलं. मोठी माणसं तर ते वजन उतरवायलाच घेऊ लागली. १९४४ साली बासेलच्या सिबा कंपनीत मिथाइलफेनिडेट हे तसंच उत्तेजक औषध तयार झालं आणि 'रिटालिन' या नावानं चंचल मुलांपर्यंत पोचलं. पण वर्षानुवर्षं कमी जेवणाऱ्या मुलाची उंची वाढते का, हे बारकाईनं मोजायला १९७२ साल उजाडलं.

त्या वर्षी बाल्टिमोरच्या सेफर आणि ॲलन या संशोधकांनी दाखवलं, की दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या मुलांची वाढ मंदावते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यांची गोळी बंद होती, त्यांचं वजन मात्र भराभर वाढलं. मग सुट्टीत औषध थांबवण्याची पद्धत पडली.

माझ्या दवाखान्यात आया विचारतात, "डॉक्टर, या गोळीनं पोराची उंची खुंटेल का हो?" त्यांना मी पुढचा इतिहासही सांगतो. ५७९ मुलांवरच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात, नव्यानं गोळी सुरू झालेली मुलं तीन वर्षांत सुमारे २ सेंटिमीटरनं मागे पडली. मिनेसोटातल्या २०१४च्या अभ्यासात मात्र प्रौढपणीच्या उंचीत फरक आढळला नाही. पण त्या आधीच्या मोठ्या अभ्यासातल्या मुलांची प्रौढपणी पुन्हा मोजणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा सातत्यानं गोळी घेतलेल्यांची उंची थोडी कमीच भरली.

म्हणून गोळी सुरू करण्याआधी मी मुलाची उंची आणि वजन तक्त्यावर मांडतो, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजतो. भूक मंदावली तर गोळीआधी पोटभर न्याहारी आणि रात्री उशिरा पुन्हा जेवण द्यायला सांगतो. आलेख सपाट होऊ लागला, तर मात्रा किंवा औषध बदलतो. एक-दोन सेंटिमीटरच्या धास्तीनं शाळेत रोज हरणाऱ्या मुलाचं औषध परस्पर बंद करू नये, आणि डॉक्टरनंही आईची शंका उडवून लावू नये. आपल्या मुलाची उंची या सहा महिन्यांत किती वाढली, हे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.