कॉलमवरची टिप्पणी कुणासाठी?

‘मॉडेल वाचा, सगळं कळेल’, हे ओआरएम वापरणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर. पूर्वपक्ष असा की, नावं नीट ठेवली आणि मॉडेलच्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या की पुरे. डेटाबेसात पुन्हा कमेंट कशाला? ती शिळीच होणार.

नावांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ‘अमाउंट’ऐवजी ‘अमाउंट_पैसे’ लिहिलं तर निम्मे प्रश्न मिटतात. पण ‘स्टेटस’च्या रकान्यातला 3 काय सांगतो? रिफंड मागितला की दिला? उत्तर पायथनच्या फाइलीत आहे, आणि महिनाअखेरीचा रिपोर्ट काढणाऱ्याच्या हाती फक्त पीएसक्यूएल. त्याने चुकीचा अर्थ धरला तर बेरीज चुकते आणि क्वेरी मात्र बिनतक्रार चालते. जँगोतला ‘हेल्प_टेक्स्ट’ त्याच्या कामाचा नाही. तो फॉर्म भरणाऱ्यासाठी असतो, डेटाबेसात उतरतच नाही. रेल्सने 5.0 मध्ये, 2016 सालीच, मायग्रेशनमधून कमेंट लिहायची सोय दिली. जँगोत ‘डीबी_कमेंट’ यायला 2023 आणि 4.2 आवृत्ती उजाडली. उशीरच म्हणायचा.

शिळेपणाचा आक्षेप हाताने लिहिलेल्या कमेंटला लागू पडतो. कुणीतरी थेट सर्व्हरवर ‘कमेंट ऑन कॉलम’ चालवतो, आणि त्याची कोडमध्ये कुठेच नोंद राहत नाही. ओआरएममधून लिहिलेली कमेंट मात्र फील्डच्या व्याख्येतच असते. बदलली की मायग्रेशन तयार होतं आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेस पडतं. अर्थ बदलूनही कमेंट तशीच ठेवणारे असतातच, पण ते मॉडेलमधली ओळ तरी कुठे बदलतात?

मायएसक्यूएलवाल्यांनी तर हा वाद घालूच नये. तिथे कॉलमची कमेंट बदलायची तर ‘मॉडिफाय’मध्ये त्याची सगळी व्याख्या पुन्हा द्यावी लागते. हाताने लिहिताना ‘नॉट नल’ राहून गेलं की कॉलम गुपचूप नल स्वीकारू लागतो. ओआरएम ती व्याख्या स्वतः पुरी लिहितं.

एसक्यूलाइटमध्ये ही सोयच नाही. जँगो तिथे इशारा देऊन पुढे जातो. पोस्टग्रेसमध्ये कमेंट त्या डेटाबेसला जोडलेल्या कुणालाही वाचता येते, टेबल वाचायची परवानगी नसली तरी. तेव्हा 3 म्हणजे काय ते खुशाल लिहा; कोणती की कुठे ठेवली आहे, ते लिहू नका.