अल्फाचे कूळ: अरगट ते लाल विंचू

ढगाळ, पावसाळी हवेत बाजरी फुलोऱ्यात आली की कधी कधी कणसातून मधासारखे चिकट थेंब पाझरू लागतात. बारामतीजवळची पिंपळी असो की इंदापूरचा माळ, बाजरीवाल्याला हा अरगट अनोळखी नाही. युरोपात राय नावाच्या धान्यावर याचा भाऊबंद पडतो. अल्फा-बीटाची, म्हणजे पेशीवर अ‍ॅड्रिनलिन जिथे बसते त्या रिसेप्टरांची, कुळकथा सुरू होते ती त्याच्यापासून.

हेन्री डेल यांनी प्राण्यांना त्या अरगटाचा अर्क टोचला आणि मग अ‍ॅड्रिनलिन दिले. एरवी चढणारा रक्तदाब चक्क उतरला. हे 1906 साली छापून आले. एकच रसायन दोन उलटी कामे करत होते आणि अर्काने त्यातले एकच बंद पाडले होते. उलगडा व्हायला 1948 उजाडले. अमेरिकेतल्या जॉर्जियात रेमंड आल्क्विस्ट यांनी अ‍ॅड्रिनलिनच्या गोतावळ्यातली मोजकी रसायने निरनिराळ्या अवयवांवर ताडून पाहिली. कोणते किती जोरकस, ते मांडले तर दोनच क्रम निघाले. रक्तवाहिन्या आवळण्यात अ‍ॅड्रिनलिन पहिले, आयसोप्रोटेरेनॉल शेवटचे. हृदयाची गती वाढवण्यात आयसोप्रोटेरेनॉलच पहिले. पहिल्या क्रमाच्या रिसेप्टरला त्यांनी अल्फा म्हटले, दुसऱ्याला बीटा. रिसेप्टर तोवर कुणी पाहिलाही नव्हता! औषधशास्त्राच्या नियतकालिकाने हा निबंध नाकारला. शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकाने छापला.

पुढे कुळाच्या शाखा फुटल्या. लँड्स आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये हृदयातला बीटा-1 आणि श्वासनलिकांतला बीटा-2 वेगळे केले. सत्तरच्या दशकात अल्फाही दुभंगला. अल्फा-1 रक्तवाहिनी आवळतो. अल्फा-2 मज्जातंतूच्या टोकावरही बसतो आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन फार सुटू लागले की ब्रेक लावतो.

हा भेद केवळ पुस्तकी वाटेल, पण महाडला त्याने जीव वाचवले. लाल विंचवाच्या विषाने शरीर स्वतःचेच अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तात ओतत सुटते. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो, फुप्फुसांत पाणी भरते. डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन वापरले आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले. रक्तदाबावरची ही साधी, तोंडाने घ्यायची गोळी. आधीचे फेंटोलामिन दोन्ही अल्फा अडवते, म्हणजे ब्रेकही काढून टाकते, आणि हृदय आणखी धावते. प्राझोसिन अल्फा-1 तेवढा अडवते, ब्रेक शाबूत ठेवते. गंभीर रुग्णांतल्या मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने घटले. मात्र गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. अल्फा-1 अडलेला असताना तो एकदम उभा राहिला, तर रक्त पायांकडे उतरते आणि त्याला भोवळ येते.